घरी बनवलेल्या आर्केड कॅबिनेटच्या कडा: टी-मोल्डिंग, एज बँड की नुसता रंग?

एक_रुपयाचं_नाणं (पुणे)

नमस्कार मंडळी, गेले चार महिने शनिवार-रविवार घालून उभं आर्केड कॅबिनेट बनवतोय, पूर्ण मापाचं, १७० सेंमी उंच आणि साधारण ६० सेंमी खोल, आत रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि एक जुना मॉनिटर. लहानपणी आमच्या आळीत गेम पार्लर होतं, रुपयाला एक डाव, आणि शाळा सुटली की दप्तरासकट तिथेच उभे असायचो. कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, ज्याला आपण सगळे मुस्तफाच म्हणायचो, तो मी त्या मशीनवर किती खेळलोय त्याला गणती नाही. त्या मशीनच्या कडेला काळी प्लास्टिकची गोलसर पट्टी होती, आपला नंबर यायची वाट बघत उभं राहिलं की हात त्या पट्टीवरच असायचा. तो स्पर्श मला माझ्या कॅबिनेटला हवाय, म्हणून हा धागा.

आता अडलंय कुठे ते सांगतो. दोन्ही साइड १८ मिमी एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेली पाटी), जिगसॉने कापून कानस आणि पॉलिश पेपरने गोलाई सारखी केलीय. बाकीचं सगळं प्लायमधे. सनमायका अजून लावलेला नाही, आणलाय फक्त, १ मिमीचा मॅट काळा. एका तुकड्याच्या कडेला ट्रायल म्हणून प्रायमर मारला तर तीन हात पिऊन गेली आणि तरी हात लावला की खरखरीत, दाढीचे खुंट आल्यासारखी. वरती साधारण ६ सेंमी त्रिज्येची बाहेरची गोलाई आहे, मॉनिटरच्या खाली आत वळणारी एक गोलाई आहे, आणि कंट्रोल पॅनलपाशी नाकासारखा पुढे आलेला भाग आहे जिथे कोपरा बऱ्यापैकी टोकदार आहे.

दुसरी काळजी म्हणजे आमच्याकडे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते. आधी एमडीएफचं शू रॅक केलं होतं त्याचं बूड दीड वर्षात फुगून पावासारखं झालं, पापुद्रे सुटले. या कॅबिनेटचं तसं झालं तर मला खरंच सहन होणार नाही.

माझ्याकडे ड्रिल, जिगसॉ आणि सनमायका घासायचं छोटं ट्रिमर मशीन आहे. जागा म्हणजे बाल्कनी. काय करू सांगा, आणि कोणत्या क्रमाने करू तेही सांगा, कारण मला वाटतं मी क्रमातच चुकेन.

---

रंधा_पटाशी (सांगली)

दादा, आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, वडलांच्या आधीपासनं. रोज कडांचंच काम असतंय म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे तुमच्या एमडीएफच्या कडेत तुम्ही कितीबी प्रायमर ओता, ती पिणारच. एमडीएफची पाटी दाबून केलेली असती, वरचा आणि खालचा थर घट्ट आणि मधला भाग पोकळसर, आणि तुम्ही कापली की तो मधला भाग उघडा पडतो. म्हणून आधी कड बंद करायची आणि मग रंगाचं बघायचं. आम्ही चपडी वापरतो, लाखेची चपडी स्पिरिटमधे विरघळवून, जरा पातळच, कडेला दोन हात मारायचे, मधे अर्धा-पाऊण तास, मग २२० चा पेपर हलक्या हातानं, मग परत एक हात. नसेल जमत तर दुकानात तयार वूड सीलर मिळतो तो घ्या. पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल लावा असं लोक सांगतात, त्यानं कड बंद होती हे खरं, पण पाण्यानं तंतू उभे राहतात आणि वाळल्यावर घासायला गेलं की पेपर चिकटून भरतो, म्हणून मला ते पटत नाही. आणि भिंतीची पांढरी पुट्टी तर अजिबात नको, एक ठोका बसला की टवका उडतो.

आता पट्टीचं. सरळ कडेला आम्ही पीव्हीसी एज बँड लावतो, म्हणजे कडेवर चिकटवायची सपाट पट्टी, २२ मिमी रुंद, जाडी ०.८ किंवा २ मिमी. ०.८ वाला गोलाईवर सहज वळतो पण तो फक्त दिसायला, ठोक्याला टिकत नाही. २ मिमीवाला टिकतो पण वळवायला हीट गन लागती आणि तुमच्या आत वळणाऱ्या गोलाईत तो ताणून बसतो आणि काही महिन्यांनी टोकाकडनं सुटायला लागतो. कारखान्यात गरम डिंकावर मशीन दाबून लावती ती गोष्ट वेगळी, घरी एसआर ९९८ सारख्या रबरी सोल्यूशनवर लावणार असाल तर दोन्हीकडं लावा, बोटाला चिकटायचं थांबलं की मगच जोडा, घाई केली की आत ओलं राहतं. सागवानी पट्टी मारायची म्हणाल तर सरळ कडेला झकास, गोलाईला नाही.

तुमच्या आठवणीतली ती गोलसर पट्टी एज बँड नव्हे. ती खाचेत ठोकलेली टी पट्टी, म्हणजे तुमचं टी-मोल्डिंग, इंग्रजी टी सारखी, तिचा मागचा दांडा कडेच्या खाचेत बसतो. आमच्याकडं ऑफिसची टेबलं यायची पूर्वी दुरुस्तीला, त्यांना असायची. ती मी स्वतः फार लावलेली नाही, ज्यांनी लावलीय त्यांनी लिहा.

---

गॅरेजवाली (ऑस्टिन, टेक्सास)

मी लिहिते, मी आत्तापर्यंत तीन कॅबिनेट केलीत, दोन टी-मोल्डिंगवर. मूळची नाशिकची, नवऱ्याच्या आणि माझ्या दोघांच्या डोक्यात हेच खूळ आहे.

इकडे १९८० च्या आसपासची जी उभी कॅबिनेट होती त्यांच्यावर हीच पट्टी सगळीकडे दिसते, आणि कारण साधं आहे, ती मशीन बारमधे, पिझ्झाच्या दुकानात ढकलली जायची, लोक टेकायचे, लाथा बसायच्या, आणि पार्टिकल बोर्डाची कड त्यात एक महिना टिकली नसती. पट्टी खराब झाली तर ओढून काढायची आणि नवी ठोकायची, कॅबिनेटला काही होत नाही. रंगवलेल्या कडेचं तसं नाही, तिथे टवका उडाला की परत सगळं घासा.

आता मापं. इकडची कॅबिनेटची पट्टी बहुतेक पाऊण इंची असते म्हणजे १९.०५ मिमी. तुमची पाटी १८. नुसती रंगवलीत तर पट्टी एक मिमी बाहेर येईल आणि ती कड हाताला लागत राहील. पण तुम्ही १ मिमीचा सनमायका बाहेरून लावणार आहात ना, मग १८ अधिक १ म्हणजे १९, अगदी बरोबर! मला तुमचा प्रश्न वाचून आधी हेच दिसलं आणि खूप आनंद झाला, कारण मला इकडे हे जमवायला किती खटपट करावी लागली होती. फक्त व्हर्नियरने पाटी मोजा, १८ म्हणून घेतलेली कधी १७.५ सुद्धा निघते.

क्रम असा ठेवा. आधी सनमायका चिकटवा आणि कडेला ट्रिम करा, मग खाच पाडा, मग कड चपडीने बंद करा पण खाचेत चपडी साठू देऊ नका, मग आतला रंग, आणि पट्टी अगदी शेवटी, मशीन पूर्ण उभं राहिल्यावर. खाच आधी पाडून नंतर सनमायका लावलात तर खाचेचा मध्य सरकतो, हे माझ्या पहिल्या कॅबिनेटला झालंय.

खाचेसाठी स्लॉट कटर लागतो, म्हणजे कडेत खाच पाडणारी दातेरी चकती, बेअरिंगवाला. बऱ्याच पट्ट्यांना १/१६ इंच म्हणजे १.६ मिमी रुंदीची खाच चालते, पण सगळ्यांना नाही, काहींच्या दांड्याला जाड खवले असतात, म्हणून पट्टी हातात आल्याशिवाय कटर घेऊ नका आणि आधी टाकाऊ तुकड्यावर ठोकून बघा. अंगठ्याने अर्धी आत जावी आणि उरलेली रबरी हातोड्याने, एवढी घट्ट. अंगठ्यानेच पूर्ण गेली तर खाच रुंद झाली. खाच नेहमी सनमायकाच्या बाजूवर मशीन टेकवूनच पाडा, दोन्ही साइडना, म्हणजे मध्य अर्धा मिमी चुकला तरी दोन्हीकडे सारखाच चुकेल आणि बाहेरून पट्टी सनमायकाशी लेव्हल दिसेल.

वळणांचं नीट वाचा कारण इथेच लोक चुकतात. बाहेरच्या गोलाईवर पट्टीचा दांडा आतल्या छोट्या वळणात दाबला जातो, त्याला जागा लागते, म्हणून दांड्यातून इंग्रजी व्ही सारखे छोटे तुकडे कापून काढायचे, दर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरला एक. आत वळणाऱ्या गोलाईवर उलटं, दांडा ताणला जातो, तिथे नुसते चिरे दिले की पुरतात. ६ सेंमीच्या गोलाईला कदाचित काहीच लागणार नाही, पण नाकाच्या कोपऱ्यावर नक्की लागेल. तिथे सरळ दांडा सेंटीमीटरभर पूर्ण कापून टाका आणि हेअर ड्रायरने पट्टी मऊ करून वळवा.

आणि ठोकताना ओढू नका! ओढून बसवली की त्या दिवशी छान दिसते, आणि नंतर ती हळूहळू मूळ लांबीवर येते आणि जोडापाशी फट पडते. उलट किंचित मागे ढकलत ढकलत ठोका. रोलमधली पट्टी आधी तासभर उन्हात पसरून ठेवा, पुण्याच्या उन्हात तर मस्त सरळ होईल.

बूड सोडून एका साइडला साधारण चार-साडेचार मीटर लागेल, दोन्हीला मिळून नऊ, बारा मागवा.

---

ट्रिमरने_बोट_वाचलं (ठाणे)

वरच्या ताईंचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली आणि ती महत्त्वाची आहे. आपल्याकडे सुतार वापरतात ते छोटं ट्रिमर, त्यातल्या बऱ्याच मशीनना स्पीड कमी-जास्त करायचं बटण नसतं, ती मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतात. सनमायका ट्रिम करायचा कटर बोटाएवढा, त्याला चालतं. स्लॉट कटर म्हणजे साधारण पाच सेंमी व्यासाची चकती, तिचे दात त्याच फेऱ्यांना कितीतरी जास्त वेगाने फिरतात. कटरच्या दांड्यावर किंवा पाकिटावर जास्तीत जास्त किती आरपीएम ते लिहिलेलं असतं, ते मशीनपेक्षा कमी असेल तर तो कटर त्या मशीनला लावायचाच नाही. मी लावला होता, पाटीत शिरताना मशीन हातातून उसळलं, माझं नशीब की दोन्ही हात मशीनवर होते.

स्पीड डायल असलेला राउटर, म्हणजे ट्रिमरचा मोठा भाऊ, भाड्याने मिळतो किंवा ओळखीच्या सुताराकडे दोन तास जा. मशीन चालवायची दिशाही धरा, पाटी सपाट पडलेली आणि राउटर वरून, तर बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. उलटीकडून गेलात तर कटर मशीनला स्वतःच पुढे खेचत नेतो.

आणि बाल्कनीत एमडीएफ कापताय तर एन९५ मास्क लावाच, साधा रुमाल नाही. तो भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्यात पाटी चिकटवायचं रेझिनही असतं.

---

कोकणातला_पाऊस (रत्नागिरी)

मी बुडाबद्दल लिहितो कारण आमच्याकडे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात आणि बाकी कडा कशाही करा, मशीन मरतं ते खालून.

पुसताना पाणी कडेला लागतं एवढंच नाही, फडकं फिरलं की मशीनच्या बुडाखाली पाण्याची पातळ रेघ राहते आणि एमडीएफ ती तासभर वर ओढत राहतं. वरून पट्टी लावलीत तरी बुडाची कड उघडीच, आणि तिथे टी-मोल्डिंग लावूही नये कारण मशीन मागे कलवून सरकवलं की तिथली पट्टी पहिली उखडते.

मी काय केलं ते सांगतो. साइडच्या पाट्या खालून ४० मिमी कापल्या आणि मशीन पूर्ण उचलून खाली मरीन प्लायची चौकट घातली, बाहेरून १० मिमी आत घेतलेली, म्हणजे एमडीएफचा फरशीशी संबंधच उरला नाही. मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० छापलेलं, साधं एमआर नाही. चौकटीखाली स्क्रूवाले लेव्हलर पाय, मागच्या बाजूला दोन चाकं, कलवलं की चाकांवर येतं. एमडीएफच्या खालच्या कडेला दोन भाग अरल्डाइट कालवून पातळ थर फासला, वाळल्यावर घासून दुसरा. चौकटीला ऑइल पेंटचे दोन हात. तीन पावसाळे झाले.

तुम्हाला पाट्या आता कापायच्या नसतील तर निदान लेव्हलर लावून २०-२५ मिमी उचला, खाली हवा खेळली पाहिजे. खालच्या पुढच्या कोपऱ्याला जिथे बुटाची टोकं बसतात तिथे हार्डवेअरच्या दुकानातला अ‍ॅल्युमिनियमचा एल अँगल लावा, आत सिलिकॉन भरून, नाहीतर अँगलच्या मागेच पाणी धरून ठेवतो.

एक राहिलं, सनमायका एकाच बाजूला लावला की पाटी बाक घेऊ शकते, आमच्या हवेत तर घेतेच. आतून पण रंगाचे दोन हात द्या आणि आतल्या पट्ट्या जरा जवळजवळ ठोका.

---

एक_रुपयाचं_नाणं (पुणे)

काय लिहू, तुम्ही सगळ्यांनी एवढं दिलंत! चपडी रविवार पेठेत मिळाली. दोन तुकड्यांवर करून बघितलं, एकावर फेव्हिकॉलचं पाणी आणि एकावर चपडी, आणि रंधा_पटाशी भाऊ म्हणतात तसंच झालं, फेव्हिकॉलवाला पेपरला चिकटला आणि चपडीवाला नखाने गुळगुळीत लागतो. पट्टी मावसभाऊ अमेरिकेतून दिवाळीला येताना आणतोय, काळी, पाऊण इंची. पाटी मोजली, १७.९ आहे, सनमायकासकट १८.९, म्हणजे बसेल.

अजून एक प्रश्न. कंट्रोल पॅनलवर मी डिझाइन छापून त्यावर ३ मिमी अ‍ॅक्रिलिक टाकणार आहे. मग तिथे १८ अधिक ३ म्हणजे २१ होतात आणि अ‍ॅक्रिलिकची कड पट्टीच्या वर उघडी राहते. आणि नेमकं तिथेच तर मनगट टेकतं.

---

गॅरेजवाली (ऑस्टिन, टेक्सास)

पॅनलची पाटी १६ मिमीची घ्या! १६ अधिक ३, परत १९. इकडचे लोक हेच करतात, पाच अष्टमांश इंचाची पाटी आणि वर एक अष्टमांशाचं अ‍ॅक्रिलिक. पट्टी दोन्ही झाकते आणि अ‍ॅक्रिलिकची कड दिसतही नाही. फक्त खाच पाडताना मध्य वरून मोजा, अ‍ॅक्रिलिक ठेवून वरून साडेनऊ मिमी, नाहीतर सवयीने १६ च्या मध्यात पाडाल आणि पट्टी खाली लोंबेल. खाच पाडताना अ‍ॅक्रिलिक काढून ठेवा आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा वर धरा.

पण मनगटाचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे, टी पट्टीची वरची कड अर्धा तास खेळलं की जाणवते. माझ्या दुसऱ्या कॅबिनेटला मी पुढच्या कडेला पट्टी लावलीच नाही.

---

रंधा_पटाशी (सांगली)

मग तिथं सागवानी पट्टी लावा दादा, पॅनलची पुढची कड सरळच असती की. अ‍ॅक्रिलिकच्या वरच्या पातळीला मिळवून पट्टी चिकटवा, फेव्हिकॉल आणि बिनडोक्याचे खिळे, आणि वरच्या अंगाला चांगली गोलाई द्या, रंध्यानं काढून पेपर मारला तरी होती, मशीन लागत नाही. तेल पाणी केलेला सागवान हाताला कधी टोचत नाही, घामानं उलट चकाकी येती. बाजूच्या कडांना तुमची काळी पट्टी असूदे, दोन्ही मिळून चांगलं दिसंल.

---

एक_रुपयाचं_नाणं (पुणे)

नोव्हेंबर संपत आला, पट्टी बसली, म्हणून कळवतोय.

राउटर ठाणेकरांनी सांगितल्यावर ट्रिमरचा विचारच सोडला, ओळखीच्या सुतारकाकांकडे दोन्ही पाट्या टेम्पोत घालून नेल्या आणि त्यांच्याच मशीनवर, ते शेजारी उभे राहून, मी खाच पाडली. डावी साइड पाडली तेव्हा नाकाच्या टोकावर राउटरचं बूड निम्मं हवेत आलं आणि कलंडलं, तिथे खाच तीन सेंमी तिरकी गेली. काकांनी अरल्डाइटमधे एमडीएफचाच भुसा कालवून खाच भरून टाकली, रात्रभर वाळू दिली आणि दुसऱ्या दिवशी तिथे परत पाडली, या वेळी शेजारी त्याच जाडीचा तुकडा आधाराला ठेवून. उजव्या साइडला पहिल्यापासून आधार ठेवला, काही झालं नाही. कोणी नाकवाली साइड करत असेल तर तो आधाराचा तुकडा आधीच लावा.

बाहेरच्या वरच्या गोलाईला व्ही कापावे लागले नाहीत. आतल्या गोलाईला चिरे दिले, सात. नाकाच्या कोपऱ्यावर पहिल्यांदा दांडा कमी कापला गेला आणि पट्टीला फुगा आला, काढून परत कापला, ड्रायर दोन मिनिटं मारला, मग बसली. जोड मागच्या बाजूला खालून २० सेंमीवर घेतलाय, शोधल्याशिवाय दिसत नाही. पाट्या खालून कापल्या आणि मरीन प्लायची चौकट घातली, कारण शू रॅक डोळ्यासमोर होतं. आता फरशी पुसणाऱ्या मावशी मशीनखालूनसुद्धा फडकं फिरवतात आणि मी बघत बसतो, काही वाटत नाही.

पुढची सागवानी पट्टी काल झाली, अजून तेल द्यायचंय. भाऊ, जवसाचं तेल कच्चं देऊ की उकळलेलं?

---

रंधा_पटाशी (सांगली)

उकळलेलं म्हणून डब्यात मिळतं ते घ्या, कच्चं वाळायला फार दिवस घेतं आणि हाताला चिकट लागत राहतं. फडक्यानं पातळ द्या, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी परत, असे तीन हात. आणि ते तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना आपोआप तापून पेट घेतं, पाण्यात बुडवून किंवा दोरीवर मोकळं पसरून वाळवा आणि मगच टाका. बाल्कनीत करताय म्हणून मुद्दाम सांगितलं.